सरळ केलेल्या पिना

आधी एक स्प्रिंग गेली. करंगळीच्या पेराएवढी, इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरमधली. हिल्मारने तळघरातून हाक मारली तेव्हा आलिडा वर बटाटे सोलत होती. नवऱ्याच्या आवाजात राग नव्हता. माझी टोपी कुणी पाहिली का म्हणून विचारावं, तितकंच होतं. ती खाली गेली. दोघांनी गुडघे टेकून दिवा फिरवला, कोळशाच्या पेटीमागे हात घालून पाहिलं. स्प्रिंग मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ओतताना ती साखरेच्या भांड्यात, खड्यांच्या मधोमध, तेलाचा डाग पाडून बसलेली दिसली. आलिडाने ती एप्रनला पुसली आणि गुपचूप नेऊन खाली, सुटे भाग ठेवलेल्या केकच्या साच्यात टाकली. हिल्मार उतरला, साच्यात बोट फिरवलं आणि म्हणाला, काल आपण दिवाच नीट धरला नव्हता.

तिने मान हलवली. साठी उलटलेल्या माणसाला ठेवलेली वस्तू आठवत नाही, यात नवल ते काय. तिचा स्वतःचा चष्मा उठल्यासुटल्या हरवायचा. पण स्प्रिंग साखरेत कशी गेली, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तरही द्यावं लागलं असतं.

इंजिन त्यांच्या ‘तेर्ना’ नावाच्या बोटीचं होतं. एका सिलिंडरचं, जुनं, अंगाने थोराड. चालू झालं की त्याचे ठोके खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर ऐकू जात. दर काही हिवाळ्यांनी, त्या उत्तरेच्या किनाऱ्यावर सूर्य महिना-महिना डोंगराआड गेला की हिल्मार ते बोटीतून काढी, शेजारच्या पेडरच्या ट्रॅक्टरने ओढून घराखालच्या तळघरात आणी, आणि पार सुटं करून पुन्हा जोडी. त्याची रीत सगळ्या खाडीला ठाऊक होती. चिठ्ठी नाही, खूण नाही. जुन्या मेणकापडावर ज्या क्रमाने भाग सुटले त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचे, बारीकसारीक आलिडाच्या केकच्या साच्यांत ठेवायचं, आणि जोडताना उजवीकडून डावीकडे परत यायचं. लोक आपापल्या बोटी त्याच्यासमोर आणून उभ्या करत. धक्क्यावर उभा राहून, डोळे मिटून तो आवाज ऐके आणि हिला काय दुखतंय ते सांगे.

त्या वर्षी त्यांच्या मुलाच्या, स्टाइनारच्या, मनात वेगळंच होतं. शरद ऋतूत बापलेक दोघं जाळी टाकून परतत होते तेव्हा हिल्मारने बोट आपल्याच खाडीच्या तोंडावरून सरळ पुढे नेली आणि धक्क्यावरचा तो दिवा कुठला म्हणून मुलाला विचारलं. स्टाइनारने बापाला काही म्हटलं नाही. पण इंजिन या खेपेला शहरातल्या कारखान्यात देऊ, असं जेवताना सुचवून पाहिलं. त्यानंतर हिल्मार जेवणाच्या टेबलावर बोलेनासा झाला. शेवटी स्टाइनारनेच माघार घेतली. पण आईला गोठ्यात गाठून त्याने आपलं म्हणणं सांगितलं.

"करू दे त्याला," तो म्हणाला. "जमलं, तर जानेवारीत मासेमारीच्या मोसमाला आम्ही दोघं जाऊ, नेहमीसारखे. नाही जमलं, तर त्यानं आता किनाऱ्यावर बसायचं. उघड्या समुद्रावर मी जीव टांगणीला नाही लावणार, आई. मला पोरं आहेत."

हिल्मारला या परीक्षेचा पत्ता नव्हता. आलिडाला होता. किनाऱ्यावर बसलेला हिल्मार कसा दिसेल, हे तिला डोळ्यांपुढे आणता येईना. म्हातारपणी बाकावर बसून दुसऱ्यांच्या बोटी मोजणारी माणसं तिने पाहिली होती. एक हिवाळा, फार तर दोन, आणि मग त्यांना चर्चच्या आवारात पोचवायला सगळं गाव जाई.

स्प्रिंगनंतर वायसर गेले. मग तेलाच्या पंपातली पोलादी गोळी. हिल्मार आता शोधायला बोलवेनासा झाला. तो एकटाच खाली गुरगुरे, साचे पुन्हा पुन्हा हलवून बघे, आणि जेवायला वर आला की एकच गोष्ट बोले.

"तुझा तो झाडू," तो म्हणाला, "माझ्या तळघरात शिरलाय."

"शिरला असेल," आलिडा म्हणाली.

"असेल काय, शिरलाच आहे. बायकांना धूळ दिसते, गोळी दिसत नाही."

इंजिन आल्यापासून तिने तळघराला झाडू लावलाच नव्हता. पण बोलून काय मिळणार होतं? झाडूवर ढकललं की हिल्मारचं जेवण जायचं, तो रात्री झोपायचा. तिने मासे वाढले, वितळलेलं लोणी वाढलं, आणि झाकली मूठ तशीच ठेवली.

पेडरच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली त्याच जातीचं एक मेलेलं इंजिन गंजत पडलं होतं. पेडर एकटा राहायचा. तो त्यांच्या मंडळीतला, प्रार्थनेला जमणाऱ्या विश्वासणाऱ्यांतला नव्हता. तंबाखू चघळायचा, शिव्या द्यायचा, आणि रविवारी घराघरांतून गीतांचे सूर येऊ लागले की मुद्दाम लाकडं फोडायला काढायचा. पण आलिडा पहिल्यांदा वायसर मागायला गेली तेव्हा त्याने एक अवाक्षर विचारलं नाही. दिवा आणला, पाना आणला, वायसर काढून घासलेटात धुऊन तिच्या तळहातावर ठेवला. नंतर मात्र ती दिसली की त्याची जीभ सुटे.

"या मिस्त्रीणबाई. आज कुठला अवयव?"

ती हातमोजा काढून बोटांनी आकार दाखवी.

"असंच चालू राहिलं तर माझं इंजिन तुमच्या तळघरात चालू होईल एक दिवस," तो म्हणे. "मासे मात्र हिल्मारच्या नावावर."

आणलेला भाग ती नुसता साच्यात टाकत नसे. मेणकापडाच्या घडीत, बाकाच्या पायाशी, हिल्मारच्याच हाताला लागेल अशा जागी ठेवी. तो सापडला की खालून हाक येई, आणि त्या हाकेत असा आनंद असे की तिचे डोळे भरून येत. बघ, होता की नाही इथेच? होता, ती वरून म्हणे.

त्रास व्हायचा तो संध्याकाळी. लग्न झाल्या दिवसापासून त्यांचा नेम होता. जेवणं झाली की हिल्मार प्रवचनांच्या पुस्तकातलं एक पान वाची, मग दोघं एकमेकांकडे वळून दिवसभरात काही चुकलं असेल तर त्याची क्षमा मागत. मागितली की नाही म्हणायचं नाही. समोरच्याने खांद्यावर हात ठेवून म्हणायचं: विश्वास ठेव, येशूच्या नावानं आणि रक्तानं तुला सगळं माफ आहे. सूर्यास्ताबरोबर मन धुतलं जावं. सूर्य महिना-महिना दिसत नसला तरी. त्यांच्या लोकांत सगळीकडे हीच रीत होती. फरक इतकाच, की या घरात तो नेम एकदाही मोडला नव्हता. बाळंतपणात नाही, युद्धात नाही.

आता आलिडा म्हणे, काही चुकलं असेल तर क्षमा कर. हिल्मार मोकळ्या मनाने करी. आणि ती बिछान्यावर पडून विचार करी, की ‘काही’ म्हणजे काय, ते आपण कुठे सांगितलं?

नाताळच्या आदल्या आठवड्यात पिना हरवल्या.

इंजिनाच्या पोटात पिस्टनखालचा जाड दांडा असतो. त्याचा पाय दोन बोल्टांनी फिरत्या आसाला पकडलेला असतो. त्या दोन बोल्टांचे नट सुटू नयेत म्हणून त्यांतून आरपार एकेक पिन घालायची, आणि तिचे दोन पाय दोन बाजूंना वळवून टाकायचे. हिल्मारने दोन नव्या पिना आणल्या होत्या. कागदाच्या पुडीत, साच्यात, जागच्या जागी. सकाळी त्याने पुडी आलिडाला दाखवलीही होती. दुपारी पुडी होती, पिना नव्हत्या.

त्या दिवशी तो ओरडला नाही. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला. आलिडाने त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. ती वर गेली, कोट चढवला, आणि गायीला गवत टाकून येते म्हणून सांगून पेडरकडे निघाली.

पेडर घरी नव्हता. बहिणीच्या आजारपणाला गेला होता, दाराला खिट्टी होती. आलिडा क्षणभर उभी राहिली. मग गोठ्यामागे जाऊन तिने ताडपत्री उचलली. इतक्या खेपा घालून तिला आता त्या मेलेल्या इंजिनाचं अंतरंग आपल्या फडताळासारखं ओळखीचं झालं होतं. बाजूचं झाकण पेडरने काढूनच ठेवलेलं होतं. दांड्याच्या पायाशी दोन पिना होत्या, तेलकट, गंजाची नुसती सावली पडलेल्या. तिने पकडीने त्यांचे पाय जवळ आणले आणि ओढून काढल्या.

पिना वाकड्या होत्या. घरी येऊन तिने चुलीच्या लोखंडी कडेवर एकेक पिन ठेवली आणि इस्त्रीच्या टोकाने हलक्या हाताने ठोकून सरळ केली. त्या कामात तिचा हात मुळीच अडखळला नाही. युद्धाच्या शेवटी जर्मन सैन्य मागे हटताना हा सगळा किनारा जाळून गेलं होतं. लोक परत आले तेव्हा चुलींचे दगड तेवढे उभे होते. लाकूड आलं, खिळे आले नाहीत. मग बायकापोरांनी राखेत बसून जळक्या घरांचे खिळे वेचले आणि दगडावर ठोकून सरळ केले. ज्या घरात आलिडा उभी होती त्याच्या भिंतींत तिने स्वतः सरळ केलेले खिळे होते. त्या वेळी स्टाइनार शेजारी टोपलीत झोपलेला असे. त्या किनाऱ्यावरचं कुणीही म्हातारं माणूस वाकडा खिळा फेकत नाही. फेकणाऱ्याकडे ते अन्न फेकणाऱ्याकडे बघावं तसं बघतात.

तिने पिना घासलेटाने चोळून चकचकीत केल्या आणि पुडीखाली सरकवून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी हिल्मार तळघरातून वर आला तो शीळ घालत. दांडा बसला, नट बसले, पिना बसल्या. नाताळपर्यंत सगळं इंजिन उभं राहिलं, आणि मेणकापडावर एकही भाग उरला नाही. स्टाइनार सणाला आला तेव्हा तळघरात जाऊन बराच वेळ बघत उभा राहिला. वर येऊन त्याने आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. आलिडाने त्या संध्याकाळी गीत म्हणताना आवाज पुरा सोडला. हिल्मार म्हणाला, आज तुझ्या गळ्यात लोणी घातलंय की काय.

नाताळनंतर इंजिन पुन्हा बोटीत चढलं, आणि जानेवारीत ‘तेर्ना’ निघायला सज्ज झाली. निघायच्या दिवशी धक्क्यावर दुपारचा निळसर उजेड होता, तेवढाच त्या दिवसांत मिळतो. जाळी चढली, डबे चढले, आलिडाने विणलेले मोजे चढले. हिल्मारने इंजिन चालू केलं आणि पिवळा रबरी कोट घालून धक्क्यावर दोर गुंडाळत उभा राहिला. स्टाइनार सुकाणूच्या खोपट्यात होता. पेडर आदल्या दिवशीच बहिणीकडून परतला होता. तोही खिशात हात घालून निरोपाला आला आणि आलिडाच्या शेजारी उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने तंबाखू गालात सरकवली.

"ठोकतंय," तो म्हणाला.

आलिडाला ठोक्यांखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं.

"मोठा ठोका नाही. त्याच्या मागचा. कुणी दारावर हळूच टकटक करतंय बघा." त्याने हिल्मारकडे मान वळवली. "त्याला कसं ऐकू येत नाही?"

मग तो दुसऱ्याच विषयावर गेला. म्हणाला, बाई, माझ्या इंजिनाच्या दांड्याच्या पिना कुणी काढल्या? तुम्हीच ना? त्या कशाला हव्या होत्या, उंदरांचा सापळा करायला?

आलिडाने सांगितलं. आवाज न चढवता, सगळं सांगितलं. चुलीची कड, इस्त्री. पेडरचा चेहरा पाहता पाहता उतरला.

"सरळ केल्या? अहो, एकदा वळवलेली पिन सरळ केली की तिचा जीव गेला. दिसायला पिन. असते गवताची काडी."

"खिळे करतोच की आपण."

"खिळा नुसता बसून असतो," पेडर म्हणाला. "पिनेला हिसके बसतात. प्रत्येक ठोक्याला एक."

पिन तुटली तर काय होतं, हे तिने विचारलं. पेडरने खाडीच्या तोंडाकडे हनुवटी केली. नट फिरत फिरत निघतो, दांडा सुटतो, इंजिनाची कूस फोडून बाहेर येतो. बाहेर वारा खडकांकडे असला, तर बोटीचं काय होतं, ते त्याने सांगितलं नाही. एरवी तो म्हणाला असता, मग तुमच्या प्रार्थना आहेतच. त्या दिवशी तेही म्हणाला नाही.

हिल्मारने शेवटचा दोर हातात घेतला होता. आलिडाने त्याच्या पाठीकडे पाहिलं. ताठ पाठ, मान वर, बावीस वर्षांच्या पोरासारखी. बोलावं तर ती पाठ मोडणार होती. न बोलावं तर दोन्ही जीव बोटीवर होते. ती फळीवरून चढून सरळ सुकाणूच्या खोपट्यात गेली आणि मुलाच्या कानाशी तोंड नेलं.

स्टाइनारने इंजिन बंद केलं. अचानक इतकं शांत झालं की पाण्यातल्या बर्फाची किणकिण ऐकू आली. बाबा, मला एकदा बाजूचं झाकण उघडून बघायचंय, तो म्हणाला. हिल्मार हसला. बघ, म्हणाला, माझ्या कामात खोट काढायला तुझ्या आजोबालाही जमलं नव्हतं. पेडरने त्याच्याजवळ जाऊन बहिणीच्या डॉक्टरची काहीतरी लांबलचक गोष्ट सुरू केली आणि त्याला धक्क्यावरच धरून ठेवलं.

थोड्या वेळाने स्टाइनारने आईला खाली इंजिनाच्या खोलीत बोलावलं. आलिडा आयुष्यात कधी त्या खोलीत उतरली नव्हती. उभं राहायलाही जागा नव्हती; ती तेलकट फळीवर गुडघे टेकून बसली. स्टाइनारने बॅटरी झाकणाच्या आत धरली.

"या तुझ्या पिना," तो म्हणाला. एका पिनेचा एक पाय तुटून गेला होता. दुसरीला चीर होती. त्याने पकडीने पहिली पिन काढली. "आता बघ."

त्याने नटाला दोन बोटं लावली आणि नट फिरवला. पाना नाही, जोर नाही. जाम-लोणच्याच्या बाटलीचं झाकण फिरावं तसा तो फिरला. त्याने दुसरी पिन काढली. दुसरा नटही तसाच फिरला.

आलिडाला लगेच उमगलं नाही. स्टाइनारला दोनदा सांगावं लागलं. हिल्मारने नट बोटांनी बसवले होते, मग पाना घ्यायला वळला असेल; आणि पान्यापर्यंत पोचेतो विसरला. नंतर पिना दिसल्या, त्या घातल्या. नट आवळलेच नव्हते.

"पिनांचा दोष नाही, आई. तुझ्या त्या मेलेल्या पिनांनीच एवढा वेळ धरून ठेवलं होतं सगळं." त्याने तोंडावरून हात फिरवला, गालाला काळा पट्टा उमटला. "मी सांगतो त्याला. बोटानं फिरत होता म्हणून."

"नको."

"मग काय सांगायचं?"

"मी पिना बदलल्या, म्हणून बिघडलं. एवढंच."

"ते खोटं आहे."

"अर्धं आहे."

"तू," स्टाइनार म्हणाला, आणि त्याने पकड खाली ठेवली. "लहानपणी मी एक अंडं फोडून मांजरावर ढकललं होतं, तर तू मला त्या मांजराची माफी मागायला लावली होतीस."

"तू काही बोलू नकोस," आलिडा म्हणाली. "तुझ्या तोंडी नको ते. मी बोलेन. नट आवळून टाक आधी, कुणी खाली यायच्या आत."

ती फळीवरून धक्क्यावर उतरली तेव्हा पेडरची गोष्ट आपोआप थांबली. तिने हिल्मारला सांगितलं. महिनाभर भाग हरवत होते, ते माझ्या झाडूने. पेडरच्या इंजिनातले आणून मी तुझ्या नकळत घालत होते. पिनाही त्याच्याच, सरळ करून ठेवल्या. त्या तुटल्या, म्हणून ठोकतंय. तुझ्या कामात काही नव्हतं.

हिल्मारने ऐकून घेतलं. दोर अजून त्याच्या हातात होता.

"आणखी काय काय घातलंस?" त्याने विचारलं.

ती म्हणाली, गोळी. वायसर. तांब्याची एक कडी.

"आणि मला वाटत होतं, सापडतायत." मग त्याने दोर व्यवस्थित गुंडाळून खुंट्यावर टाकला. "ज्या इंजिनाच्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नाही, त्यावर मी समुद्रात जात नाही. माझ्या मुलालाही जाऊ देणार नाही. न्या ते कारखान्यात."

तो कोटाच्या गुंड्या काढत घराच्या चढाला लागला. पाठ तशीच ताठ होती. आलिडा मागोमाग गेली आणि दारात त्याचा हात धरून म्हणाली, हिल्मार, मला क्षमा कर. त्याने हात सोडवून घेतला नाही. पण खांद्यावरही ठेवला नाही.

"आज नाही," तो म्हणाला.

इंजिन शहरात गेलं. स्टाइनार दुसरा एक गडी घेऊन उशिरा मोसमाला निघाला. आईशी तो नीट बोले, पण तिच्याकडे बघणं टाळी. हिल्मार खिडकीशी बसू लागला. त्या खोलीत कुणी त्याला म्हातारा म्हणालं नाही, कुणी कीव केली नाही. येणारा जाणारा म्हणे, कसला कारागीर, आणि काय नशिबी आलं बघा.

संध्याकाळी पुस्तकातलं पान वाचून झालं की तो आलिडाकडे वळून बसे आणि वाट पाही. राग हळूहळू ओसरला होता. तो तसा मनाचा मऊ माणूस होता. एकदा त्याने स्वतःहून विषय काढला. नीट सांग काय केलंस ते, आणि मी माफ करतो. किती दिवस हे असं ठेवायचं? नवऱ्याशी खोटं बोलणं हे एक पाप होतं. ते तिने डोळे उघडे ठेवून केलं होतं. पण त्याच खोट्यावर येशूच्या रक्ताची क्षमा घ्यायची, हे तिच्याने होईना. आणि खरं सांगायचं, तर त्या खिडकीत कोण उरलं असतं? ती म्हणाली, आज मला काही सांगायचं नाही. हिल्मारने पुस्तक मिटलं. इतक्या वर्षांचा नेम तिथे पुरता मोडला, आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तो मोडलेलाच राहिला.

वसंतात, पहिली बकरी व्याल्यावर, मंडळीतले वडीलधारे इसाक घरी आले. देवाची शांती, म्हणाले, आणि कॉफी घेतली. मग अगदी हळू आवाजात त्यांनी आलिडाला विचारलं, बहीण, हिल्मारशी तुझं काही बाकी आहे असं ऐकतो. मनात गाठ ठेवून प्रभुभोजनाला यायचं नसतं, हे तुला मी सांगायला नको. आलिडा म्हणाली, नको. मग सोडव ना गाठ, इसाक म्हणाले. ती म्हणाली, माझ्याने सुटत नाही. इसाकांनी मान खाली घातली. त्यांना तो हट्ट वाटला, आणि हट्टासाठी प्रार्थना करण्यापलीकडे माणूस काय करणार. त्या रविवारी ती प्रभुभोजनाला पुढे न जाता दाराशेजारच्या बाकावर बसून राहिली. पुढच्याही.

उन्हाळा येईपर्यंत हिल्मारचं बरंच काही गळून पडलं. नातवंडांची नावं गेली. पेडरला तो पेडरचा बाप समजू लागला. आपली बोट कुठे आहे असं तो विचारेनासा झाला. पण पिनांची गोष्ट मात्र त्याच्याजवळ राहिली. उलट दिवसेंदिवस अधिक घट्ट होत गेली. जो येईल त्याला तो ती पहिल्यापासून सांगे, आणि सांगताना त्याचा चेहरा पूर्वीसारखा, कामावरच्या माणसाचा होई.

एकदा इसाकांबरोबर दूरच्या खाडीतले एक प्रवचनकार आले होते. आलिडाने लेफ्सेच्या पातळ पोळ्यांवर लोणी लावून ठेवलं, कपात कॉफी ओतली. हिल्मारने पाहुण्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझं इंजिन कधी बिघडलं नाही," तो म्हणाला. "चाळीस वर्षं. मी हातानं जोडलेलं. सगळं जागच्या जागी होतं. पण हिनं, माझ्या बायकोनं, त्या दांड्याच्या… त्यात त्या घातल्या, पेडरच्या इंजिनातल्या, जुन्या, त्या…" त्याची दोन बोटं हवेत काहीतरी वळवत राहिली. त्याने पाहुण्याकडे पाहिलं, इसाकांकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत भीती आली. "त्या बारीक… काय म्हणतात त्यांना…"

पाहुणे खाली कपाकडे बघत थांबले.

"पिना," आलिडा म्हणाली.

"पिना," हिल्मार म्हणाला, आणि पुढे सांगू लागला.